मदत हवी आहे : करप्याच्या नावातला कंस आणि ‘बुरशी’ हा शब्द

मंडळी, नमस्कार. भाचीच्या कृषी महाविद्यालयातल्या भित्तिपत्रकासाठी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी (१८३१–१८८८) यांच्यावर पानभर लिहून देतो म्हणालो, आणि आता नावांतच अडकलोय.

बटाट्यावर उशिरा येणारा करपा हा रोग घडवणाऱ्या जीवाचं शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. त्यापुढे कंसात ‘मॉन्ट.’ आणि कंसाबाहेर डी बारी. हे कोडं सुटलं: याच करप्यामुळे आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळाला सुरुवात झाली त्याच वर्षी, १८४५ मध्ये, फ्रान्सच्या मोंतान्य यांनी त्याला बोट्रायटिस इन्फेस्टन्स म्हटलं होतं. १८७६ मध्ये डी बारींनी त्यासाठी फायटोफ्थोरा ही नवी प्रजाती (जीनस) केली. ग्रीकमध्ये अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’. जातीचं नाव, म्हणजे ‘इन्फेस्टन्स’, तेच राहिलं, म्हणून ते आधी देणारा कंसात. हिशेब चोख!

पण देवनागरीत ‘मॉन्ट.’ असंच ठेवू की पूर्ण आडनाव लिहू? भाची म्हणते, ‘मामा, मॉन्ट वाचून मुलांना डोंगर वाटेल.’

खरी अडचण पुढची. डी बारींच्या काळी ही बुरशीच मानली जायची. आता तिला खऱ्या बुरशीतून वेगळं काढलंय. पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, आणि नातं तपकिरी शैवालांशी जवळचं. मग मराठीत काय लिहू? ‘बुरशीसारखा जीव’ फार मिळमिळीत वाटतं. वनस्पतिरोगशास्त्र मराठीतून शिकवणारं कुणी असेल तर वर्गात कोणता शब्द वापरता, तेवढं सांगा. परवा मजकूर द्यायचाय.