मदत हवी आहे: मेक्सिकन बायकांचा चालण्याचा गट टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओत राहते. वेस्ट साइडच्या एका केंद्रात चार महिने बायकांचा चालण्याचा गट चालवतेय. बहुतेकजणी मेक्सिकन, दोघी होंडुरासच्या. सुरुवातीला चौदा यायच्या, आता तीन.

आळशी म्हणाल तर मुळीच नाहीत. एक हॉटेलात खोल्या साफ करते. ब्लीचने सोलवटलेले तळवे दाखवून म्हणाली, "यो या मे मुएवो तोदो एल दिया", म्हणजे मी दिवसभर हलतेच आहे की! सांगलीला माझी आईही हेच म्हणायची, पायाला भिंगरी असते, वर आणखी व्यायाम कसला? त्यात सीडीसी या अमेरिकन सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीचा प्रश्नच असा असतो, की नोकरीचं काम सोडून गेल्या महिन्यात काही व्यायाम केलात का? 2017 ते 2020 च्या आकड्यांत लॅटिनो प्रौढांपैकी सुमारे 32 टक्के 'निष्क्रिय' निघाले. दिवसभर गाद्या उचलणं त्यात धरलेलंच नाही. मला हे पटत नाही. पण घरोघरी डायबेटिस आहे, म्हणून गट मोडायचा नाहीये.

अडचणी खऱ्या आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही ऊन भाजतं, फूटपाथ मध्येच संपतो, मोकाट कुत्री मागे लागतात. त्यावर माझा शहाणपणा असा, की पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'स्वतःसाठी एक तास' छापलं. एकीने ते वाचून घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि विचारलं, "पोरांना टाकून? घरी काय सांगू?"

तर, पोरांचं काय करू? आणि चालणं सोडून हॉलमध्ये झुंबा घेऊ का? तो कोलंबियातूनच आलाय, म्हणून आवडेल असं वाटतं.

प्रतिसाद १
झुंबा कोलंबियाचा, तुमच्या बायका मेक्सिकोच्या. पंजाब्यांना लावणी आवडेलच असं धरल्यासारखं झालं हे. 😄 गाणी त्यांनाच निवडू द्या, बहुधा कुंबिया, म्हणजे तिकडचं नाचाचं लॅटिन संगीत, निघेल. आम्ही शिकागोत वस्तीतल्याच एकीला 'प्रोमोतोरा', म्हणजे आपल्याच लोकांतली आरोग्यसेविका, केलं, तेव्हा गट धरला. दाराशी जाऊन बोलवायची ती. पोरांना हॉलमध्येच येऊ द्या, दंगा होईल, होऊ दे. आणि पत्रक बदला. 'मुलांसाठी तब्येत सांभाळा' लिहा. आपल्याला खटकतं, पण बायका येतात.

धागाकर्ती
लावणीचं मान्य! पत्रकाला मात्र हात आखडतोय, तेच ओझं परत त्यांच्याच डोक्यावर. हॉटेलवाल्या ताईंना शनिवारी विचारते, पुढाकार घ्याल का म्हणून. स्पीकर आहे माझ्याकडे.