मदत हवी आहे: संध्याकाळची भूक वेळेत कशी ओळखायला शिकवायची?

ऐरोली-घणसोलीतल्या ऑफिसवाल्यांसाठी भुकेच्या १ ते १० पट्टीचा सराव घेतोय (१ म्हणजे भुकेने जीव कासावीस, १० म्हणजे पोट तुडुंब). ३-४ वर जेवायला बसायचं, ६-७ वर थांबायचं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून अर्धा डबा झाला की दोन मिनिटं हात थांबवायचा, मग ठरवायचं पुढची पोळी हवी का. (इन्सुलिनवाले यात नाहीत, त्यांचं वेळापत्रक वेगळं.)

दुपारी जमतं. गाडी अडते संध्याकाळी: एकला डबा, मग नुसता चहा, साडेसातला ठाणे स्टेशनवर उतरेपर्यंत भूक थेट २ वर. वडापाव चार घासांत संपतो, आणि नऊला घरी पुन्हा भरलं ताट! पाचला मूठभर चणे सुचवले, तर म्हणतात "तेव्हा भूकच नसते". चहाने दबलेली असते, दुसरं काय. चहाआधी चणे द्यावेत, की चहाच साडेतीनला ओढावा? कोणी करून पाहिलंय का?