फॅरोच्या लीगमध्ये मी जिंकतोय, पण लीग जागची हलत नाय. काय करू?

कृष्णाकाठ_२७ (सांगली)

एफएम २४ मध्ये (फुटबॉल मॅनेजर, क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम) फॅरो बेटांचा, म्हणजे डेन्मार्कच्या ताब्यातल्या उत्तरेकडच्या बारक्या बेटांच्या लीगचा सेव्ह चालू आहे, सातवा सीझन. ही लीग गेममध्ये आपोआप येत नाही, स्टीम वर्कशॉपवरून (गेमच्या ऑनलाईन दुकानात लोक स्वतः बनवलेल्या फाईली टाकतात तिथून) फाईल घेतली आणि नवीन सेव्ह चालू केला. आधीच्या सेव्हमध्ये ती घालता येत नाही हे कळेपर्यंत माझा अख्खा रविवार गेला. क्लब घेतला एनएसआय रुनाविक, कारण खऱ्यात त्यांनी लीग एकदाच जिंकलीय, २००७ ला, आणि मला असाच क्लब पाहिजे होता.

फॅरोच का, तर २०२३ चं क्लाक्सविक. गाव पाच हजार वस्तीचं, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं खेडं, आणि त्यांच्या केआय क्लबने चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफाइंगमध्ये फेरेन्सवारोशला त्यांच्याच बुडापेस्टमध्ये ३-० ने हरवलं, मग स्वीडनच्या हॅकनला पेनल्टीवर काढलं, पुढं नॉर्वेच्या मोल्डेकडून एक्स्ट्रा टाइममध्ये हरले तरी कॉन्फरन्स लीगच्या (युरोपातली तिसऱ्या नंबरची स्पर्धा) ग्रुपमध्ये पोचले. फॅरोचा पहिलाच क्लब तो. मी तेव्हा मार्केट यार्डात हळदीच्या हिशोबाला बसायचो आणि मोबाईलवर फक्त स्कोअर बघत होतो, तरी अंगावर काटा आला होता.

आता अडचण सांगतो. सलग चार वर्षं लीग माझीच, दोनदा ग्रुपपर्यंत गेलो, बँकेत पैसा पडून आहे. पण देशाचा कोएफिशियंट (युरोपातल्या कामगिरीवरून देशांचा नंबर लावायचा आकडा) एक-दोन जागा वर जातो नि परत खाली येतो. लीगची रेप्युटेशन आहे तिथंच, त्यामुळं जरा बरा प्लेयर बघितला की तो यायलाच तयार होत नाही. लीगमध्ये मॅचा ७-०, ८-० अशा संपतात आणि युरोपात गेलं की पोरं गांगरतात. अजून किती वर्षं असंच खेळायचं? का माझंच काही चुकतंय?

अजिंक्यतारा_एक्सआय (सातारा)

भावा तुझं खेळण्यात काय चुकत नाय, तू हिशोब एकट्याचा करतोयस एवढंच.

युएफाचा (युरोपची फुटबॉल संघटना) देशाचा कोएफिशियंट म्हणजे पाच वर्षांची बेरीज, आणि प्रत्येक वर्षी देशातल्या सगळ्या क्लबांनी मिळवलेले पॉइंट एकत्र करून जेवढे क्लब युरोपात गेले तेवढ्यांनी भागायचे. क्वालिफाइंगमध्ये जिंकलं की १, ड्रॉ ०.५. ग्रुपमध्ये (२०२४ पासून तिथं लीग फेज आहे) जिंकलं की २, ड्रॉ १. आता समज तू क्वालिफाइंगमधून ४ आणले आणि ग्रुपमध्ये एक जिंकून दोन ड्रॉ करून आणखी ४ आणले. झाले ८. पण फॅरोचे चार क्लब गेलेत आणि बाकीचे तीन पहिल्याच राऊंडला हात हलवत घरी आले, तर ८ भागिले ४, देशाला मिळाले २. आता त्याच तिघांनी एकेक राऊंड जरी काढला, एक मॅच जिंकली एक ड्रॉ, म्हणजे प्रत्येकी दीड, तर साडेचार वाढले. साडेबारा भागिले चार, तीनच्या वर. तुझ्या टीमने एक पण गोल जास्त न मारता देश दीडपट झाला बघ.

आणि ज्या क्लबाचे स्वतःचे पॉइंट कमी असतात त्याला देशाच्या कोएफिशियंटचे वीस टक्के धरतात, म्हणजे देश वर आला की त्या बारक्या क्लबांना पण ड्रॉमध्ये, म्हणजे चिठ्ठ्या काढताना, थोडी सोपी टीम मिळायची शक्यता वाढते. तुझं चाक इथं अडकलंय.

मी वेल्समध्ये हेच भोगलंय. पैसा माझ्याकडं, बाकी लीग उपाशी. शेवटी मी माझी एकोणीस-वीस वर्षांची जी पोरं बेंचवर सडत होती ती सगळी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या क्लबांना लोनवर, म्हणजे काही काळापुरती उसनी दिली, पगार मीच भरला. लोन देताना पेरेंट क्लबविरुद्ध, म्हणजे आपल्याच विरुद्ध, खेळू द्यायचं का असा ऑप्शन असतो, तो पण चालू ठेवला. दोन सीझननी फरक दिसायला लागला.

जोर_बैठक (विटा)

आमच्याकडं म्हणतात तालमीत जोड नसली की पैलवान फुगतो पण तयार होत नाय. ८-० ने जिंकणाऱ्या पोरांना जुलैत, युरोपच्या क्वालिफाइंगला, कोण शिकवणार उभं राहायला. सातारकर म्हणतायत ते बरोबर.

मिरज_जंक्शन (मिरज)

वरचं सगळं मान्य, पण लोनवर द्यायला पोरं आधी तयार झाली पाहिजेत ना, तिकडं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. माझा जिब्राल्टरचा सेव्ह अकरा सीझन चाललाय. तो देश युएफात आलाच २०१३ ला, आणि तीन वर्षांत लिंकन रेड इम्प्सनी सेल्टिकला १-० ने हरवलं, गोल मारणारा ली कॅसियारो पोलीस खात्यात नोकरीला होता. तसली लीग.

बारक्या देशात युथ इंटेक, म्हणजे क्लबात येणारी नवीन पोरांची बॅच, वर्षातून एकदाच येतो आणि त्यात कामाचं पोरगं एक निघालं तरी नशीब. त्यामुळं पैसा आला की पहिला बोर्डाकडं जायचं आणि युथ फॅसिलिटी, ज्युनियर कोचिंग, युथ रिक्रूटमेंट ही तिन्ही मागत राहायचं, एकदा नाही म्हणाले तर परत सहा महिन्यांनी. हेड ऑफ युथ डेव्हलपमेंट घेताना त्याचे आकडे बघतोच आपण, पण त्याचा स्वभाव जास्त बघ. तो मेहनती असला तर येणारी पोरं पण तसल्या वळणाची येतात. मी पहिली पाच वर्षं एक आळशी माणूस ठेवला होता आणि पोरं का वाढत नाहीत म्हणून ट्रेनिंग बदलत बसलो.

दुसरं, तुझा क्लब अजून सेमी-प्रो आहे का? असेल तर बोर्डाला प्रोफेशनल करायला सांग. पार्ट-टाइम कॉन्ट्रॅक्टवरची पोरं ट्रेनिंगला आठवड्यातून मोजकेच दिवस येतात, एमआयडीसीतनं सुटून संध्याकाळी ग्राउंडवर येणाऱ्या आपल्या पोरांसारखी. ती वाढणार कधी. आणि नॉन-कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे पक्क्या कराराशिवाय, चांगलं पोरगं कधीच ठेवू नकोस, दुसरा क्लब येतो आणि एक रुपया न देता घेऊन जातो. माझा सतरा वर्षांचा लेफ्ट विंगर असाच गेला, आठवलं तरी अजून जीव जळतो.

शाहू_गॅलरी (इस्लामपूर)

मी जरा वेगळं बोलतो. आपलेच प्लेयर प्रतिस्पर्ध्याला वाटायचे हे मला पटत नाही. काही जण तर त्याच सेव्हमध्ये दुसरा मॅनेजर ॲड करून समोरच्या क्लबाचं पण सगळं स्वतःच चालवतात. मग गोष्ट कसली राहिली? क्लाक्सविकला कुणी प्लेयर दान केले नव्हते.

अजिंक्यतारा_एक्सआय (सातारा)

दुसरा मॅनेजर मी पण नाय करत, तिथं तुमचं बरोबर आहे. लोन वेगळं. खऱ्यात पण मोठा क्लब पोरांना खेळायला मिळावं म्हणून त्याच लीगमध्ये लोनवर देतोच की, घ्यायचं का नाय ते समोरचा क्लब ठरवतो.

आणि तुमचं नाव शाहू गॅलरी आहे म्हणून विचारतो दादा, कोल्हापूरला शाहू स्टेडियममध्ये गर्दी कशामुळं होते? तिथल्या तालमींच्या टीमांत पाटाकडील एकटी भारी असती आणि खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ सगळे पाच-पाच गोलांनी हरत असते तर कोण गेलं असतं मॅच बघायला? मी दहावीत असताना मामा एसटीने घेऊन गेला होता, मॅच कुणाची होती ते पण आता आठवत नाय, पण दोन्ही बाजूचा आवाज अजून कानात आहे. आपल्याकडं साताऱ्यात, सांगलीत फुटबॉल खेळणारी पोरं आहेत, पण एकमेकांना घाम फोडणाऱ्या चार टीम नाहीत. फॅरोची गोष्ट मला त्याच्यामुळंच जवळची वाटते.

शाहू_गॅलरी (इस्लामपूर)

हा मुद्दा पटला. पाटाकडील-खंडोबा मॅच असली की आम्ही इथून चार गाड्या काढतो. लोन ठीक आहे, पण मग एकाच क्लबाला नको देऊ, तिघांना वाट. नाहीतर एकाच्या जागी दोन राजे होतील आणि बाकी लीग तशीच उपाशी.

मिरज_जंक्शन (मिरज)

अजून एक, कोच पण द्यायचे. तुझ्याकडचा एखादा असिस्टंट दुसरीकडं मुख्य मॅनेजर व्हायला मागत असेल तर अडवू नको. आणि लॅपटॉप साधा असेल तर बाकीचे देश कमी कर, डेटाबेस मोठा ठेवून वर वीस देश खेळते ठेवले की एक दिवस पुढं सरकायला चहा होतो. फॅरो खेळतं, डेन्मार्क नि आइसलँड नुसतं बघण्यापुरतं, एवढं पुरतं.

कृष्णाकाठ_२७ (सांगली)

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, मध्ये दोन सीझन खेळून झाले म्हणून.

क्लब सेमी-प्रोच होता, मिरजकर दादा, मी बघितलंच नव्हतं. बोर्डाने दुसऱ्या मागणीला हो म्हटलं. हेड ऑफ युथ बदलला, आत्ताचा आइसलँडचा आहे. सहा पोरं लोनवर दिली, फॅरोच्याच तीन क्लबांना, दोन बी३६ ला, दोन एचबीला, दोन क्लाक्सविकला, आणि माझ्याविरुद्ध खेळायची परवानगी दिली. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही, तिघं पण पहिल्या राऊंडला बाहेर, मी जरा चिडलोच होतो. दुसऱ्या जुलैत बी३६ ने एक राऊंड काढला आणि क्लाक्सविकने दोन. फॅरोची लीग उन्हाळ्यात चालते त्यामुळं जुलैत आपली पोरं सीझनच्या मध्यावर असतात आणि समोरच्यांचे पाय अजून मोकळे झालेले नसतात, हा फायदा आता माझ्या एकट्याला नाही तर सगळ्यांना मिळतोय. देश एकदम पाच जागा वर गेला.

आणि त्याच वर्षी लीग मी हरलो. शेवटच्या दिवशी बी३६ विरुद्ध १-१, ऐंशीव्या मिनिटाचा गोल माझ्याच लोनवरच्या पोराने मारला, दोन पॉइंटने गेलं. रात्री एकपर्यंत झोप नाही आली. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा लीगची मॅच मी उभं राहून बघितली, घरात सगळे झोपले होते म्हणून ओरडता येईना.

तो पोरगा आता परत आलाय आणि बी३६ त्याच्यासाठी पैसे घेऊन मागं लागलंय. विकू का ठेवू ते अजून ठरलेलं नाही. परवा जुलैचे ड्रॉ आहेत, चार क्लबांचे. लाईटीचा भरवसा नाही म्हणून रोलिंग ऑटोसेव्ह आठवड्यावर लावून ठेवलाय.