माज, मुका माज आणि पीयूष

नवी_सासुरवाशीण: सासरी गोठा आहे. परवा सासूबाई म्हणाल्या, "तांबडी माजावर आलीय, डॉक्टरला बोलाव." मला माज ठाऊक तो फक्त "माज उतरवीन तुझा" मधला! मूळ अर्थ कुठला, गायीचा की माणसाचा?

गोठेकरी: ताई, दोन्हींच्या मुळाशी 'मद्' धातू. हत्तीचा मद, मदमस्त, माजणे ही सगळी भावकीच. त्यामुळे आधी कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही. डोकं ताळ्यावर नसणं दोन्हीकडे आहेच. आमची गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. चारा सोडते, हंबरते, काचेसारखा सोट (चिकट स्राव) टाकते आणि दुसरी गाय वर चढली तरी गप्प उभी राहते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची (रेतन करून घ्यायचं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. चुकलं की उलटलीच म्हणून समजा, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर.

ग्रीकवेडा: माजाला इंग्रजीत 'इस्ट्रस' म्हणतात. त्या शब्दाचं मूळ ग्रीक 'ओइस्ट्रोस', म्हणजे गोमाशी! माशी चावल्यागत उधळलेली गाय. त्यावरूनच इस्ट्रोजेन.

नवी_सासुरवाशीण: मग 'मुका माज' म्हणजे काय? मुका आहे तर माज कसला?

पशुवैद्य_निवृत्त: या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. बीज सुटणं बीजांडकोशात घडतं, माज मात्र मेंदूत. पिकत आलेल्या पुटिकेतून (बीज वाढवणाऱ्या पिशवीतून) इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात उतरतं. थोडं असताना ते मेंदूतल्या अधश्चेतकाला (हायपोथॅलॅमसला) दमानं घ्यायला लावतं. तेच भरपूर वाढलं आणि काही तास टिकलं की उलटा हुकूम सुटतो: अधश्चेतक पीयूषिकेला (मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीला) ढोसतो, पीयूषिकेतून एलएच या बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि माज ओसरल्यावर साधारण १०-१२ तासांनी बीज सुटतं. गोठेकरींचा सकाळ-संध्याकाळचा हिशेब याच्याशी जुळतो. गायीचं उभं राहणं हेही इस्ट्रोजेननं मेंदूला केलेलं फर्मान. मात्र आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉनखाली (बीज सुटल्यानंतर बीजांडकोशातून येणाऱ्या संप्रेरकाखाली) राहिलेला मेंदूच त्याला नीट दाद देतो. म्हणून व्याल्यानंतरची पहिली खेप बऱ्याचदा मुकी जाते. बीज सुटतं, गाय मात्र शांतपणे रवंथ करत बसलेली. उन्हाळ्यात म्हशींचं तर विचारूच नका. थोडक्यात, मुका असतो तो मेंदू.

गोठेकरी: डॉक्टर, 'हार्मोन'ला आम्ही हार्मोनच म्हणतो. 'संप्रेरक' पुस्तकातच भेटतो.

ग्रीकवेडा: पण शब्द चोख आहे. स्टार्लिंगनं १९०५ मध्ये 'हार्मोन' वापरात आणला तो 'चेतवणे, चालना देणे' या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरक म्हणजेही तेच. 'पीयूषिका' मात्र मजेशीर! इंग्रजी 'पिट्युइटरी' आला लॅटिनमधल्या शेंबडावरून. मेंदूतला मळ या ग्रंथीतून नाकात उतरतो, अशी जुनी समजूत होती. आपल्याकडे उच्चाराला उच्चार जुळवला आणि शेंबडाचं अमृत झालं.

पशुवैद्य_निवृत्त: नुसतं अमृत नाही. संस्कृतात पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गायीचं दूधही. आपला चीक.

नवी_सासुरवाशीण: म्हणजे खरवस! सासूबाईंना सांगितलं, तर म्हणतात, "आधी तांबडी फळू दे, मग खरवसाचं बघू."