जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धेत २०० मीटर शर्यत का नसते?

प्रश्न

ग्लासगो येथे मार्च २०२४ मध्ये झालेल्या जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेचे निकाल वाचताना एक गोष्ट खटकली. या स्पर्धेचा ट्रॅक एका फेरीला बरोबर २०० मीटर भरतो, तरीही २०० मीटरची शर्यत कार्यक्रमात नाही. धावण्याच्या वैयक्तिक शर्यती ६०, ४००, ८००, १५०० आणि ३००० मीटरच्या, शिवाय ६० मीटर अडथळ्यांची. म्हणजे ६० नंतर थेट ४००. ही शर्यत पूर्वीपासूनच नव्हती की नंतर वगळली? आणि वळणांची अडचण हे कारण असेल, तर त्याच वळणांवरून दोनदा धावावी लागणारी ४०० मीटर शर्यत कशी काय टिकून राहिली? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ही शर्यत पूर्वी होती. पॅरिसमध्ये १९८५ साली जागतिक इनडोअर क्रीडास्पर्धा झाल्या, १९८७ साली इंडियानापोलिस येथे त्यांना अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून २००४ च्या बुडापेस्ट स्पर्धेपर्यंत २०० मीटर धावली जात होती. त्यानंतर ती वगळण्यात आली, कारण धावपटूला कोणती लेन मिळाली यावरच निकाल फार मोठ्या प्रमाणात ठरू लागला होता.

कारण वळणात आहे, हा आपला अंदाज बरोबर आहे. खुल्या मैदानावरील प्रमाणित ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते; इनडोअर ट्रॅकवर आतल्या लेनची त्रिज्या जेमतेम १७ मीटरच्या आसपास येते. धावपटू सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर इतक्या तीव्र वळणावर टिकून राहण्यासाठी त्याला आपल्या वजनाच्या जवळजवळ ६० टक्के इतके बल आतल्या बाजूला मिळावे लागते. खुल्या मैदानावर पहिल्या लेनमध्ये हेच प्रमाण सुमारे २८ टक्के असते. म्हणूनच इनडोअर वळणांची बाहेरची कड उचललेली असते. पण साधारण १० अंशांचा तो उतार त्यातला १८ टक्क्यांच्या आसपासचाच भार उचलतो आणि उरलेले सगळे पायांवर येते. सहाव्या लेनची त्रिज्या मात्र २२ मीटरच्या जवळ जाते. उताराची मदत धरून आकडेमोड केली, तर तिथल्या धावपटूवर खुल्या मैदानावरील पहिल्या लेनइतकाच ताण येतो, आणि पहिल्या लेनमधल्या धावपटूवर त्याच्या जवळपास दीडपट. शिवाय बाहेरच्या लेन अधिक उंचावर असल्यामुळे वळणातून सरळ भागाकडे येताना तिथल्या धावपटूला उतारावरून अधिक खाली येण्याचा लाभ मिळतो. ज्या शर्यतीत सेकंदाच्या काही शतांशांनी पदक हुकते, तिच्यात हा फरक भरून काढणे फार कठीण आहे.

प्रतिसाद २

४०० मीटरबद्दल लिहितो. तिथेही लेनचा प्रश्न आहेच. म्हणून उपांत्य आणि अंतिम शर्यतीत सरस धावपटूंना पाचवी व सहावी लेन मिळेल अशा रीतीने चिठ्ठ्या काढल्या जातात. परंतु खरा फरक असा, की या शर्यतीत आपापल्या लेनमध्ये फक्त पहिली फेरी, म्हणजे पहिली दोन वळणे, धावायची असतात. त्यानंतर सर्वांना आत यायची मुभा असते आणि दुसरी फेरी सगळेच आतल्या कडेने धावतात. त्यामुळे लेनचा अन्याय अर्ध्या शर्यतीपुरताच राहतो. मात्र त्याच्या जागी लेन सोडण्याच्या रेषेवर प्रथम कोण पोहोचतो याची चुरस सुरू होते. त्या ठिकाणी मागे पडलेल्याला वळणावर बाहेरून पुढे जायचे तर जास्त अंतर कापावे लागते, आणि शेवटचा सरळ भाग फार आखूड असतो. ग्लासगोच्या अंतिम शर्यतीत बेल्जियमच्या अलेक्झांडर डूमने त्याच आखूड भागात कार्स्टन वॉरहोमला गाठले आणि ४५.२५ विरुद्ध ४५.३४ सेकंद असे हरवले. अशी संधी क्वचितच साधता येते, म्हणून ती शर्यत मला विशेष मोलाची वाटते.

वळण किती क्रूर असू शकते हे पाहायचे असेल, तर २०१८ ची बर्मिंगहॅम स्पर्धा आठवावी. पुरुषांच्या ४०० मीटरच्या एका प्राथमिक शर्यतीतील पाचही धावपटू बाद ठरले. एक चुकीच्या सुरुवातीमुळे आणि इतर लेनची रेषा ओलांडल्यामुळे. अंतिम शर्यतीत स्पेनचा ऑस्कर हुसियोस ४४.९२ सेकंदांत पहिला आला, लुगेलिन सांतोस दुसरा आला, आणि दोघांनाही लेनच्या नियमाखाली बाद करण्यात आले. सुवर्णपदक पावेल मास्लाकला मिळाले. नियम पाळला गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र इतक्या वेगात इतक्या अरुंद वळणावर पाऊल रेषेच्या आत ठेवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु २०० मीटर वगळण्याचा निर्णय मला आजही पटत नाही. फ्रँकी फ्रेडरिक्सने १९९६ मध्ये फ्रान्समधील लिएव्हाँ येथे १९.९२ सेकंद, आणि महिलांमध्ये मर्लीन ओटीने १९९३ मध्ये तिथेच २१.८७ सेकंद अशी वेळ दिली, त्या धावा पाहिलेल्या प्रेक्षकाला ही शर्यत निरर्थक होती असे सांगता येणार नाही. अमेरिकेच्या महाविद्यालयीन इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेत ती अजूनही होते. अंतिम फेरी दोन गटांत घेतात आणि वेळेवरून क्रम लावतात. आतल्या दोन लेन रिकाम्या ठेवून चार-चार धावपटूंना धावू दिले, तर अन्याय पुष्कळ कमी होईल. पदकासाठी समोरासमोरची एकच शर्यत हवी हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण त्या आग्रहापायी संपूर्ण शर्यतच गमावणे ही फार मोठी किंमत झाली.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वळण हाच अडसर असेल, तर सरळ धावायची १०० मीटर शर्यत तरी ठेवता आली असती. ती ६० वरच का थांबते? आणि जिथे वळणाचा संबंधच नाही, त्या उड्या इनडोअरमध्ये बाहेरच्या तोडीच्या होतात का?

प्रतिसाद १

ट्रॅकच्या मधून जाणारी सरळ धावपट्टी सभागृहाच्या लांबीत बसवावी लागते आणि अंतिम रेषेपुढे धावपटूला थांबण्यासाठी मोकळी जागाही सोडावी लागते. १०० मीटर बसवायचे तर सभागृहच फार लांब बांधावे लागेल. ६० मीटरमध्ये सुरुवातीच्या झेपेला अधिक महत्त्व येते. ग्लासगोत ख्रिश्चन कोलमनने ६.४१ सेकंदांत नोआ लाइल्सला मागे टाकले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्ण मात्र लाइल्सने जिंकले, कारण त्याचा खरा जोर शेवटच्या ४० मीटरमध्ये असतो. असे दर वेळी घडतेच असे नाही. महिलांमध्ये ज्युलियन आल्फ्रेडने त्या वर्षी ६० आणि १०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके मिळवली.

उड्यांच्या बाबतीत छप्पर हा अडथळा नाही, उलट वाऱ्याची अनिश्चितता नसल्यामुळे मदतच होते. बेलग्रेड येथील स्पर्धेत २० मार्च २०२२ या एकाच दिवशी युलिमार रोहासने महिलांच्या तिहेरी उडीत १५.७४ मीटर आणि आर्मांड डुप्लांटिसने पोल व्हॉल्टमध्ये ६.२० मीटर अशी कामगिरी केली, आणि खुल्या मैदानावरही तोवर कोणी त्यांच्यापुढे गेलेले नव्हते. उंच उडीत हाविएर सोतोमायोरचे इनडोअरमधील २.४३ मीटर आणि बाहेरचे २.४५ मीटर यांत केवळ २ सेंटिमीटरचा फरक आहे. थाळीफेक, भालाफेक आणि हातोडाफेक यांना मात्र सभागृहात पुरेशी जागा नसल्यामुळे फेकीच्या प्रकारांतून या स्पर्धेत केवळ गोळाफेक घेतली जाते.