कंपनी सेक्रेटरीचं खातं, पाण्याची चळवळ आणि एकांकिका: कंपनीला काय कळवायचं?

पानउलटी: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत सेक्रेटरीच्या खात्यात आहे, म्हणजे संचालक मंडळाच्या बैठका आणि त्यांची इतिवृत्तं सांभाळणाऱ्या. पाणीहक्क गटाची निवेदनं लिहून देते, एकांकिकाही लिहिते. गट आता कार्यकारिणीत घेतोय. कंपनीला काय आणि कधी सांगावं?

इतिवृत्तकार: पद स्वीकारण्याआधी, लेखी. गटाचं नाव, तुमचं पद, मानधन (नसेल तर 'शून्य' लिहा, रकाना रिकामा सोडू नका) आणि गटाच्या मागण्या कंपनीच्या कुठल्या कामाला भिडू शकतात ते. हा शेवटचा मुद्दाच लोक गाळतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. पोच घ्या, दरवर्षी नव्याने भरून द्या.

पाण्याचा विषय संचालकांच्या बैठकीच्या अजेंड्यावर आला तर नुसतं गप्प बसून भागत नाही. त्या विषयाची टिपणं तुमच्या हाती येताच कामा नयेत. चर्चेपुरतं खोलीबाहेर जा. कधी गेलात, कधी परतलात याची इतिवृत्तात नोंद हवी आणि तेवढा मसुदा दुसऱ्याने लिहायला हवा. नाहीतर आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं होतं.

तिसरी घंटा: एकांकिकेसाठी नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम काढून वाचा. 'नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेलं' असेल तर फारशी चिंता नाही. 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व' असेल तर ललित लेखन वगळल्याची एक ओळ लेखी मिळवा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर संहिता नकोच. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं, कधी कंपनीचंही नाव आपसूक बसतं आणि स्पर्धेला पाठवलेल्या फाइलीबरोबर तेही जातं.

बैठकीतला प्रसंग एकांकिकेत घेतलात, तर पात्रांची नावं बदलली म्हणजे झालं, असंही नाही. मतं कशी फुटली, रक्कम किती, कोण आधी उठून गेलं, एवढ्यावरून जाणकार बैठक ओळखतात. टोपणनाव खुशाल घ्या, पण ते प्रेक्षकांसाठी. कंपनीला माहीत असू द्या.

कोरम: गटाच्या पत्रकावर सही करताना पदनाम नको, ऑफिसचा ईमेलही नको. तिमाही निकालांच्या तोंडावर तालमी-प्रयोगांच्या तारखा देऊ नका: तेव्हा कामही अंगावर असतं आणि जाहीर न झालेले आकडेही डोक्यात असतात. तालमीत सहज निघालेलं 'यंदा बरं दिसतंय' हे वाक्यसुद्धा महागात पडू शकतं.

पानउलटी: मागण्यांचा मुद्दा किती सविस्तर लिहायचा?

इतिवृत्तकार: मागणी, ठिकाण आणि ती कोणाकडे केली आहे, एवढंच. ती रास्त का, ते गटाच्या निवेदनात.