मदत हवी आहे: गिरणीचा लोड किती धरायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या गिरणीत 10 एचपीची चक्की आहे, वीज कंपनीने मंजूर केलेला लोड (वीजभार) पण तेवढाच. आता 3 एचपीचं मिरची कांडप आणि 1 एचपीचा पल्वरायझर (बारीक पूड करायचं यंत्र) घेतोय, म्हणून थ्री फेजचा लोड वाढवायचाय.

माझा हिशोब असा: 14 गुणिले 0.746 म्हणजे 10.4 किलोवॅट, दिवे-पंखे धरून 11. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) 0.8 धरला तर 13.75 केव्हीए, 415 व्होल्टला साधारण 19 अँपिअर.

वायरमन म्हणतो, मोटारीच्या प्लेटवरचा एचपी शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचा असतो, वीज त्याहून जास्त लागते, म्हणून 85 टक्के एफिशियन्सीने भागा. तसं केलं तर 12.8 किलोवॅट आणि 22 अँपिअर होतात. अर्जात नक्की कोणता आकडा लिहायचा?

दुसरं म्हणजे, दोन्ही मोठ्या मोटारी एकत्र चालतात त्या फक्त मार्च ते मे, मसाल्याच्या दिवसांत. बाकी वर्षभर चक्की एकटीच. मग वाढीव लोडचा फिक्स्ड चार्ज (बिलातला दरमहाचा ठरलेला आकार) बारा महिने का भरायचा? पण लोड कमी दाखवून दंड बसला तर तेही नको.

चक्कीला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे (सुरू होतानाचा करंट कमी ठेवणारा), कांडप थेट डीओएलवर (पूर्ण व्होल्टेजवर एकदम सुरू होणारं). चक्की चालू असताना कांडप सुरू केलं की 32 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा, पण सुरुवातीचा थोडा झटका सोसणारा स्विच) तग धरेल का? कोणी केलंय का असं?